स्कॅनर हिरवा झाला, गोळी मात्र दुसरीच

गोळीवाला
बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज सुट्टी आहे म्हणून बसलो.

मी एका दोनशे खाटांच्या रुग्णालयाच्या फार्मसीत आहे. त्याआधी सहा वर्षं औषध कंपनीत होतो, गोळ्या पॅक होतात त्या लाइनवर. रुग्णालयाचं नाव-गाव विचारू नका, सांगणार नाही.

दीड वर्षापूर्वी आमच्याकडे बारकोड आला. डॉक्टर संगणकात औषध लिहितात, ते आमच्या पडद्यावर येतं, आम्ही एकेका डोसची पुडी करून लेबल चिकटवतो. वॉर्डात सिस्टर आधी पेशंटच्या मनगटावरचा पट्टा स्कॅन करते, मग पुडी. जुळलं तर हिरवं. नाही जुळलं तर लाल, आणि वर कानाला दडे बसतील असा आवाज. पहिल्या दिवशी पेढे वाटले, नारळ फोडला, स्कॅनरला हळदकुंकूसुद्धा लागलं.

गेल्या महिन्यात एका आजोबांना रात्रीची खाजेची गोळी द्यायची होती, हायड्रॉक्सिझिन. पट्टा स्कॅन केला, हिरवं. पुडी स्कॅन केली, हिरवं. सिस्टरने गोळी वाटीत काढली आणि पलंगाशेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या, "अगं, काल पांढरी होती ना? ही पिवळी कशी?" सिस्टरचं कौतुक एवढ्यासाठी, की "कंपनी बदलली असेल आजी" म्हणून तिने वेळ मारून नेली नाही. खाली फोन केला. मीच उचलला. पुडीत निघाली हायड्रॅलाझिन. रक्तदाब उतरवायची गोळी, आणि आजोबांचा वरचा आकडा आधीच शंभराच्या आसपास.

घोळ कुठे झाला ते अर्ध्या तासात कळलं. आमचा प्रिंटर लेबलं इंग्रजी अक्षरक्रमाने काढतो, त्यामुळे या दोन औषधांची लेबलं एकाखाली एक येतात. दोन्ही स्ट्रिपा एकाच टेबलावर कापलेल्या. मध्येच आयसीयूचा फोन आला, आमचा पोरगा उठला, परत येऊन बसला आणि एक घर सरकलं. बारकोडने त्याचं काम चोख केलं हो. त्याने लेबल वाचलं. गोळी वाचायला त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

आता मुळाशी जाऊ. अमेरिकेत २००४ सालीच नियम आला, की रुग्णालयात जाणाऱ्या औषधांवर कंपनीनेच बारकोड छापायचा. तिथे बऱ्याच गोळ्या एकेकट्या, नावासकट पाकिटात मिळतात. आपल्याकडे दहाची स्ट्रिप. तीन गोळ्या हव्यात म्हणून कात्री लावली की नाव अर्धं तुटतं, बॅच नंबर आणि एक्सपायरी एका टोकाला असतात त्या दुसऱ्याच तुकड्यावर जातात. ड्रॉवरमध्ये बघाल तर "...झिन २५" असल्या शेपट्या पडलेल्या. त्या शेपटीचं पुन्हा बारसं आम्ही करतो, लेबल लावून. म्हणजे ज्या हातांच्या चुका पकडायला यंत्र आणलं, त्याच हातांवर यंत्राचा सगळा भरवसा.

कंपनीत असताना एक शिस्त होती, लाइन क्लिअरन्स. एका मालाचं पॅकिंग संपलं की टेबल पूर्ण रिकामं, खाली पडलेली गोळीसुद्धा उचलायची, दुसऱ्या माणसाने बघून सही करायची, मगच पुढचा माल. तेच इथे लावलं. टेबलावर एका वेळी एकच औषध. कापलेल्या स्ट्रिपचा नाव असलेला तुकडा पुड्यांच्या गठ्ठ्याला रबर लावून ठेवायचा, दुसऱ्याने तपासल्याशिवाय काढायचा नाही. मध्येच उठलं तर तो गठ्ठा रद्द, पहिल्यापासून. आणि प्रिंटरचा क्रम बदलून खाटेप्रमाणे केला. खर्च म्हणाल तर रबरबँडची पिशवी.

तुमच्याकडे काय चालतं? फक्त रुग्णालयवाल्यांनीच लिहावं असं नाही.

निशाचर_सिस्टर
गोळीवाला, वाचून अंगावर काटा आला, कारण ती सिस्टर मीही असू शकले असते आणि मी कदाचित "कंपनी बदलली असेल" असंच म्हटलं असतं.

आमच्याकडची गंमत ऐका. रात्री दोघी सिस्टर आणि चाळीस पेशंट. स्कॅनरची ट्रॉली दोन खाटांच्या मध्ये जात नाही, नातेवाइकांच्या चटया असतात. बॅटरी तीन वाजता मान टाकते. पेशंटचा हात सुजलेला, पट्टा कापावा लागतो, मग तो फाइलला चिकटवतात. नवीन प्रिंट काढायची तर खाली ॲडमिशन काउंटरला जा. मग काय होतं, सगळ्यांच्या जादा पट्ट्यांचा एक कागद स्टेशनवर तयार होतो. बसल्या जागी चाळीस जणांचं स्कॅनिंग उरकायचं, मग गोळ्या वाटायच्या. कॉम्प्युटरमध्ये सगळं हिरवंगार. मॅट्रन खूश, ऑडिटवाले खूश.

मी हे बरोबर आहे असं म्हणत नाहीये. पण कोणी येऊन विचारलं नाही की ट्रॉली जाते का.

गोळीवाला
सिस्टर, तुम्ही एकट्या नाहीत. २००८ साली अमेरिकेत काही रुग्णालयांत मुक्काम ठोकून संशोधकांनी बघितलं होतं, बारकोडला वळसा घालायच्या पंधरा तऱ्हा सापडल्या आणि त्यामागची एकतीस कारणं. जादा पट्टे काढून दुसरीकडे चिकटवणं त्यात आहेच. कारणांत काय? सुरकुतलेला बारकोड, बॅटरी, नेटवर्क, अंगावर पट्टाच नसणं. आळशी नर्स हे कारण नव्हतं.

मीच_का
सरळ रोबोट आणा की! परदेशात गोळ्या रोबोटच काढतो, माणसाचा हातच लागत नाही. आणि आता सरकारने औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा केलाय. तोच स्कॅन करा, तुमचं लेबलच नको. उगाच रबरबँड काय लावत बसलाय.

गोळीवाला
मीच_का, क्यूआरचं आधी. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडवर तो सक्तीचा झाला, बरोबर. त्यात औषधाचं नाव, कंपनी, बॅच, एक्सपायरी, लायसन्स नंबर सगळं असतं. पण तो आणला बनावट माल ओळखता यावा म्हणून. ३०० ब्रँड म्हणजे आमच्या रॅकचा एक कोपरा. शिवाय स्ट्रिपवर जागा नसेल तर बाहेरच्या खोक्यावर छापायची मुभा आहे. आणि स्ट्रिपवर असला तरी एकेका गोळीमागे नाही. कात्री लावली की दहापैकी कुठल्या तरी तुकड्यावर तो राहतो, उरलेल्यांवर काही नाही.

रोबोटबद्दल अटलांटाकर लिहितील तर बरं, ते तिथे याच धंद्यात आहेत.

अटलांटाकर
हाक मारलीत म्हणून आलो. इथे रुग्णालयाच्या फार्मसीत बारा वर्षं झाली, आधी पुण्यात बी.फार्म.

एक घटना सांगतो, इथे आम्हा सगळ्यांना ती पाठ आहे. २०१३ चा जुलै, सॅन फ्रान्सिस्कोचं युसीएसएफ, म्हणजे अगदी नावाजलेलं ठिकाण. सोळा वर्षांचा मुलगा, वजन साधारण साडेअडतीस किलो. रोज घरी सेप्ट्रा या जंतुसंसर्गावरच्या औषधाची एक गोळी सकाळी, एक रात्री घ्यायचा, १६० मिलिग्रॅमची. चाळीस किलोच्या आत वजन असल्यामुळे नियमाप्रमाणे डॉक्टरने डोस किलोमागे मिलिग्रॅम असा टाकला, किलोमागे ५. हिशोब आला १९३. तेवढ्याची गोळी नसते. फार्मासिस्टने नियमाप्रमाणे कळवलं, १६० करून परत टाका. डॉक्टरने १६० टाइप केलं. पण त्या चौकटीत एकक अजून किलोमागे मिलिग्रॅमच होतं.

१६० गुणिले साडेअडतीस. म्हणजे ३८½ गोळ्या.

संगणकाने डॉक्टरला इशारा दिला, तिने पुसला, कारण असे इशारे दिवसभर येतात आणि बहुतेक फुसके असतात. फार्मासिस्टलाही इशारा आला, तोही गेला. मग ऑर्डर पोचली रोबोटकडे. रोबोटने काय केलं? अडतीस पूर्ण आणि एक अर्धी, एकही कमी नाही, एकही जास्त नाही, सुबक पाकिटात. माणूस असता तर दहाव्या गोळीला थांबला असता की राव! पुढे वॉर्डात नर्सला विचित्र वाटलं. पण मुलाचा आजार दुर्मीळ, ती स्वतः त्या वॉर्डची नेहमीची नव्हे, आणि बारकोड स्कॅन केला तर तो म्हणतो बरोबर, ३८½. दिल्या. मुलगा मोठा समंजस, सगळ्या गिळल्या. काही तासांनी आकडीचा झटका आला. वाचला तो, पण थोडक्यात.

रोबोट वाईट असं मी म्हणत नाही. आमच्याकडे आहे, मला तो हवाच. पण तो हमाल आहे, मुकादम नव्हे.

आणि बारकोडच्या बाजूनेही बोलतो, नाहीतर धागा वाचून कोणी तरी यंत्र काढून टाकायला निघेल. ही कल्पनाच मुळी एका नर्सची. कॅन्ससमधल्या टोपेका गावच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातली. भाड्याची गाडी परत करताना तिने बघितलं, माणूस गाडीवरचा कोड टिपतो आणि क्षणात पावती देतो. तिला वाटलं, गाडीला हे होतं तर माझ्या पेशंटला का नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुढे २०१० मध्ये बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयाचा अभ्यास आला. औषध देतानाच्या चुका, वेळ मागेपुढे झाल्याच्या सोडून, ११.५ टक्क्यांवरून ६.८ वर आल्या. कागदावरून कागदावर उतरवताना होणाऱ्या चुका तर संपल्याच, कारण उतरवणंच संपलं. हे थोडं नाही.

भूलभुलैया
भूलतज्ज्ञ आहे, नावावरून कळलंच असेल. आमच्या ऑपरेशन थिएटरात यातलं काहीच पोचत नाही. तिथे डॉक्टर मीच, फार्मासिस्ट मीच, नर्स मीच. अँप्यूल, म्हणजे औषधाची बंद कुपी, फोडतो, सिरिंजमध्ये ओढतो, टोचतो. मध्ये स्कॅनरला जागाच नाही.

स्पायनल, म्हणजे मणक्यातून भूल देताना बुपिव्हाकेन या भुलीच्या औषधाच्या जागी ट्रॅनेक्झामिक ॲसिड मणक्यात गेल्याच्या घटना जगभर झाल्यात. रक्तस्राव थांबवायचं फार गुणी औषध, पण मणक्यात गेलं तर जीव घेतं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने खास इशारा काढला होता. दोन्ही पारदर्शक, दोन्हीच्या अँप्यूल सारख्याच दिसणाऱ्या, आणि सिझेरियनच्या वेळी दोन्ही एकाच ट्रेमध्ये. यावर उपाय काय? ट्रॅनेक्झामिक ॲसिड भुलीच्या ट्रॉलीवर ठेवायचंच नाही. वेगळं कपाट, वेगळा माणूस काढून देणार. बाकी सिरिंजवर रंगीत लेबलं लावतो, त्याचं आंतरराष्ट्रीय ठरलेलं आहे: स्नायू शिथिल करणाऱ्यांना लाल, अफूवर्गीय औषधांना निळं, झोपवणाऱ्यांना पिवळं. रोल स्वस्त असतो. तरी आमच्या शेजारच्या थिएटरात अजून पांढऱ्या चिकटपट्टीवर बॉलपेनने लिहितात, तेही आद्याक्षर.

अटलांटाकर, अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट रुग्णालयाची हकीकत पण सांगा ना. ती आमच्या कामाची आहे.

अटलांटाकर
थोडक्यात सांगतो. नॅशव्हिल, डिसेंबर २०१७. पेट स्कॅन या तपासणीच्या आधी पंचाहत्तर वर्षांच्या बाईंना घाबरायला होत होतं म्हणून शांत करणारं व्हर्सेड द्यायचं होतं. हे ब्रँडचं नाव, मूळ नाव मिडाझोलाम. वॉर्डातल्या औषधाच्या यांत्रिक कपाटात नर्सने पहिली दोन इंग्रजी अक्षरं दाबली, व्ही आणि ई. कपाट शोधत होतं मूळ नावाने. मिळालं नाही. तिने ओव्हरराइड, म्हणजे कपाटाची अडवणूक डावलायचं बटण, दाबलं आणि त्याच दोन अक्षरांनी सुरू होणारं व्हेक्युरोनियम बाहेर आलं. श्वासाचे स्नायूसुद्धा लुळे पाडणारं. त्या तपासणीच्या विभागात बारकोडचा स्कॅनर नव्हता. बाई गेल्या. २०२२ मध्ये नर्सवर गुन्हा सिद्ध झाला, तुरुंगाऐवजी तीन वर्षांची प्रोबेशन, म्हणजे देखरेखीखाली मोकळीक.

बाटलीच्या झाकणावर इशारा लिहिलेला होता, पावडर पाण्यात मिसळावी लागली तेव्हा तरी कळायला हवं होतं, हे सगळं खरं. पण दोन अक्षरांवर औषध देणारं कपाट बनवणाऱ्यावर खटला झाला नाही. यानंतर किमान पाच अक्षरं टाइप करायची शिफारस आली.

निशाचर_सिस्टर
हेच. चूक पकडली तर यंत्र हुशार, सुटली तर सिस्टर गुन्हेगार.

कोडकुटे
मी या पडद्यामागचा माणूस. रुग्णालयांचं सॉफ्टवेअर लिहितो. शिव्या आधीच मान्य.

इशाऱ्यांचं सांगतो. कुठली औषधं एकमेकांबरोबर चालत नाहीत, याचा तयार साठा आम्ही बाहेरून विकत घेतो, तो सगळा चालू करतो, आणि डॉक्टरला पॅरासिटामॉल लिहितानाही पाटी येते. जुन्या अभ्यासांमध्ये डॉक्टरांनी ४९ ते ९६ टक्के इशारे ओलांडल्याचं आलंय. मग ग्राहक म्हणतो, बंद करा. आम्ही बंद करतो. एकदम सगळे! कुठले वीस ठेवायचे आणि कुठले हजार काढायचे हे ठरवायला डॉक्टर-फार्मासिस्टची बैठक लागते आणि त्या बैठकीची तारीख कधीच मिळत नाही.

दुसरं, वजन. एका ठिकाणी लहान मुलांच्या वॉर्डात आम्ही वजन सक्तीचं केलं. आठवड्याने बघतो तर अर्ध्या पोरांचं वजन १० किलो. काटा बिघडलेला होता, पुढे जायला काही तरी आकडा हवा होता. आमच्या सक्तीमुळे आता मोकळ्या जागेऐवजी खोटा आकडा, आणि त्यावर डोसचा हिशोब. नंतर काटा दुरुस्त करून घेतला आणि सॉफ्टवेअरमध्ये "वजन घेतलं नाही" असा पर्याय दिला, तो निवडला की डोस आपोआप निघत नाही. हे आधी सुचायला हवं होतं.

गोळीवाला
कोडकुटे, हे लिहिलंत त्याबद्दल एक कटिंग माझ्याकडून.

मीच_का यांना वाटेल मी यंत्राला नाकं मुरडतोय. तसं नाही. पण आमच्याकडे सगळ्यात मोठा फरक ज्याने पडला त्याला वीजही लागत नाही. पोटॅशियम क्लोराइडची दहा मिलीची अँप्यूल, पंधरा टक्क्यांची. पाण्यासारखी. डिस्टिल्ड वॉटरही दहा मिलीच, तेही पाण्यासारखंच, कारण ते पाणीच. पोटॅशियम सलाइनमध्ये मिसळून सावकाश द्यायचं असतं, थेट शिरेत सोडलं तर हृदय थांबतं. पूर्वी दोन्ही वॉर्डच्या एकाच कपाटात, शेजारी-शेजारी. आता वॉर्डात पोटॅशियम नाहीच. आयसीयू सोडून कुणाला हवं असेल तर फार्मसीतून, नावावर. पहिले पंधरा दिवस रेसिडेंट डॉक्टरांनी आम्हाला फोनवर सोलून काढलं. सोळाव्या दिवशी सवय झाली.

तसंच इन्सुलिन. आपल्याकडे व्हायल, म्हणजे बाटली, मिलीमागे ४० युनिटची, पेनमधलं कार्ट्रिज मिलीमागे १०० चं. सिरिंजही दोन, लाल टोपीची ४० साठी, केशरी टोपीची १०० साठी. पेन बिघडलं म्हणून कोणी कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने १० च्या रेघेपर्यंत ओढलं तर जातात २५ युनिट. बारकोड इन्सुलिन बरोबर म्हणेल, पेशंट बरोबर म्हणेल, वेळ बरोबर म्हणेल. सिरिंज कोण स्कॅन करतं?

माईची_लेक
मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही, पण गेल्या आठवड्यातच माईला घरी आणलं, म्हणून विचारते.

माईला संधिवात आहे. डिस्चार्ज कार्डवर मेथोट्रेक्सेट ७.५, आणि पुढे छापलंय १-०-०. खाली बारीक अक्षरात शेरा: आठवड्यातून एकदा. खाकी पाकिटावर फार्मसीवाल्याने छापील लेबल लावलंय त्यावर फक्त १-०-०, शेरा नाही. मी रोज सकाळी देणार होते. भाची नर्सिंगला आहे, तिने पाकीट बघितलं आणि ओरडलीच. अजून दुसरी गोळी आहे फॉलिक ॲसिड, तीही पिवळीच. नक्की काय करू?

गोळीवाला
ताई, आधी सांगा, एकही जादा गोळी गेलेली नाही ना? गेली असेल तर धागा सोडा आणि आत्ता डॉक्टरांना फोन करा. तोंड येणं, ताप, अंगावर लाल ठिपके यातलं काही दिसलं तर फोनही नको, थेट घेऊन जा. रोज घेतलं तर हे औषध रक्तपेशी बनणंच थांबवतं, त्याने माणसं दगावली आहेत.

गेली नसेल तर डॉक्टरांकडून वार ठरवून घ्या आणि पाकिटावर जाड पेनने वाराचं नाव लिहा. "आठवड्यातून एकदा" नको, "फक्त सोमवारी" असं. ७.५ म्हणजे २.५ च्या तीन गोळ्या की ७.५ ची एक, हे स्ट्रिप हातात घेऊन त्यांच्याकडूनच वदवून घ्या. फॉलिक ॲसिड कुठल्या वारी तेही विचारा. दोन्ही वेगळ्या डब्यात ठेवा. आणि स्ट्रिप कापून देत असतील तर नाव आणि एक्सपायरी असलेला तुकडा मागा.

माईची_लेक
नाही गेली, देवाची कृपा. आणि भाचीची. उद्याच डॉक्टरांना विचारून वार लिहून घेते.

कोडकुटे
१-०-० बद्दल. गप्प बसवत नाही म्हणून लिहितो. हे आमचंच सॉफ्टवेअर असेल असं नाही, पण आत्ता उघडून बघितलं. आमच्याही यादीत १-०-०, १-०-१, १-१-१, झोपताना, गरज पडल्यास, एवढंच आहे. "आठवड्यातून एकदा" नाही. म्हणजे डॉक्टर जवळचा पर्याय म्हणून १-०-० निवडणार, शेऱ्यात खरं लिहिणार, आणि लेबलवर शेरा येतच नाही कारण लेबल दोन इंचांचं आहे आणि ते मी ठरवलं होतं.

उद्या बदल टाकतो. साप्ताहिक निवडलं की वार विचारेल, आणि वार लेबलवर मोठ्या अक्षरात येईल. मेथोट्रेक्सेटला रोजचा पर्याय बंदच करू का? गोळीवाला, भूलभुलैया, सांगा.

भूलभुलैया
पूर्ण बंद नको. कर्करोगाच्या काही उपचारांत रोज देतात. ऑन्कॉलॉजीवाल्यांना खुला ठेवा, बाकीच्यांना अडवा. आणि अडवताना कारण मराठीत लिहा, "चूक क्रमांक ४०७" असलं काही नको.

मीच_का
बरं, रबरबँडबद्दल बोललो ते मागे घेतो. पण रोबोट हवाच हे माझं मत कायम.

निशाचर_सिस्टर
रोबोट येईल तेव्हा येईल, आधी आमच्या ट्रॉलीची रुंदी कमी करा कोणी तरी.

गोळीवाला, तुमच्या पुडीच्या लेबलचा फोटो टाकाल का? पेशंटचं नाव झाकून. मॅट्रनला दाखवायचाय. आणि ती आजी कुठे राहते, तिला एक साडी द्यायला हवी.

गोळीवाला
फोटो रविवारी टाकतो, शनिवारी स्टॉक मोजणी आहे. साडीचं आमच्या सिस्टरने आधीच उरकलंय.

ट्रॉलीबद्दल एक. आमच्याकडे शेवटी ट्रॉली काढलीच, सिस्टरच्या खिशात मावणारा स्कॅनर घेतला. चटया तिथेच आहेत.